सोमवारी तापणारी पेटी

बसा असे जवळ. पेशींची गोष्ट सांगतो. शाळा माझी सातवीतच सुटली, पण ही गोष्ट कळायला तेवढी पुरते.

एका प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा माणूस होता. सगळे त्याला मामा म्हणत, बाईसुद्धा. बाई म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञ. तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. रक्तातल्या लढाऊ पेशी असतात ना, रोगाशी झुंजणाऱ्या, त्या बाई उबदार पेट्यांत वाढवायच्या.

मामाची लेक आजारी. औषधांच्या माऱ्यात तिच्या लढाऊ पेशी पटापट मरत. म्हणून एकदा बाईंनी त्याला समोर बसवून समजावलं.

"मामा, पेशीला चटका बसला की ती काही प्रथिनं बनवते. राखणदार समजा. ते आतलं सामान विस्कटू देत नाहीत. म्हणून थोडा चटका खाल्लेली पेशी पुढचा मार सोसते, वाढतेही. राखणदार कमी पडले की मेली. मला चटका न देता, नुसत्या गोळीने राखणदार वाढवायचेत."

गोळी जुनीच, दुसऱ्या दुखण्यावरची. खालच्या पेटीतल्या पेशींना द्यायची, वरच्या पेटीतल्यांना नाही. मग दोन्हींवर तोच मारा. वर्षभर पाहिलं. वरच्या मेल्या, खालच्या टिकल्या. बाईंचा लेख छापून आला. दहा आजाऱ्यांची यादी झाली, त्यात मामाच्या लेकीचं नाव तिसरं. पेशी टिकवायचं नेहमीचं औषध बंद करून त्याजागी ही गोळी घ्यायची.

मग पेट्या दुरुस्त करणारा मिस्त्री आला. खालच्या पेटीच्या तापमानाची नोंद काढून हसायला लागला.

"मामा, हिला दर सोमवारी ताप येतो. रविवारी उन्हात भटकते काय हो?"

मामाही हसला, आणि हसता हसता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

आत ओल राहावी म्हणून पेट्यांतल्या तबकात दर सोमवारी पाणी भरायचं काम त्याचं. गार पाणी ओतलं की खालच्या पेटीचा भोंगा बोंबलायचा, आणि पेटीपेक्षा जास्त बाई. म्हणून तो किटलीतलं कढत पाणी ओतायचा. जास्त तापलं तर बोंबलायची अक्कल त्या भोंग्याला नव्हती. वरच्या पेटीचा भोंगा कधीचाच मेलेला, तिथं सरळ नळाचं पाणी.

म्हणजे पेशी तगल्या त्या चटक्यानं. गोळीचं नुसतं नाव झालं.

मामा नोंदीचा कागद घेऊन बाईंपुढे उभा राहिला. बाईंनी तो दोनदा वाचला.

"किती सोमवार?"

"सगळे."

बाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलूही नका. गोळीने काही अपाय होत नाही."

"गोळीने नाही हो. पण नेहमीचं औषध बंद होणार ना?"

"मामा, माझी वीस वर्षं गेलीत यात. तुम्ही बाटल्या धुवा."

त्याने यादीतून लेकीचं नाव काढून घेतलं. घरी येऊन तिला सगळं सांगितलं, किटलीसकट. वाटलं, पोर रडेल. पोर रडली नाही. केस गळालेल्या डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाली, "मी सुटले. बाकीच्या नऊ जणांना सांगितलंत?"

"बाईंनी यादी कपाटात घातलीय, बाळा."

"मग शोधा. का बाटल्या धुवायच्या राहिल्यात?"

त्या दिवसापासून ती त्याच्या हातचं पाणीही घेत नाही. मामाने वरच्या साहेबांकडे अर्ज केला. साहेबांनी विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" आठवड्याभरात मामाचं काम सुटलं. किटली हलगर्जीपणाने वापरली, असं कागदावर लिहिलं. खोटं काहीच नाही त्यात.

नऊ जणांची नावं त्याला माहीत नाहीत. म्हणून तो भेटेल त्याला ही गोष्ट सांगतो, आणि मी तुम्हाला. तुमच्या ओळखीत कुणी नेहमीचं औषध सोडून बाईंची ही गोळी घ्यायला निघालं असेल, तर आज घरी जायच्या आधी त्यांच्याकडे जा, आणि त्यांना थांबवा.