मासवडीवरचं टिंब

मी एक पंचा बोलतोय. अंग पुसायचा नव्हे, मासवडीचा. हसू नका. तेहतीस वर्षं निमगाव सावाच्या गोजरबाईंच्या स्वयंपाकघरात माझा मान होता.

नारायणगावच्या बाजारातून आणलं त्याच दिवशी त्यांनी घरात बजावलं, "ह्याला कोणी हात लावायचा न्हाई." बेसन घट्ट शिजलं की मला ओला करून पाटावर पसरायच्या. माझ्यावर ते गरम पीठ थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचा मसाला घालायचा. मग माझी कड उचलून गुंडाळी करायची आणि वरून दाबून तिला माशासारखा आकार द्यायचा. म्हणून ती मासवडी. तिच्यात ना मासा, ना मटण. चटके सगळे मला बसायचे, पण पावणा बोटं चाटत "आत्या, अजून दोन वड्या" म्हणाला की मी ते विसरायचो.

यंदा हायवेलगत खाद्यमहोत्सव भरला. गोजरबाईंची नात संस्कृती कॉलेजात शिकते. तिच्या मोबाइलमध्ये जगभरचे पदार्थ. तिनेच हौसेने स्टॉल घेतला आणि पुठ्ठ्यांवर माहिती लिहिली. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. जपानी सुशी म्हणजे मासा नव्हे, व्हिनेगर घातलेला आंबटसर भात. ब्रिटनच्या 'वेल्श रॅबिट'मध्ये ससा औषधालाही नसतो, पावावर वितळलेलं चीज असतं. संस्कृती वाचून दाखवत होती, गोजरबाई कौतुकाने ऐकत होत्या. त्यांना वाचता येत नाही. सगळ्यात मोठ्या पुठ्ठ्यावर त्यांच्या पदार्थाचं नाव होतं.

शनिवार होता. पुण्या-मुंबईच्या गाड्या थांबत होत्या. लोक पुठ्ठा वाचायचे आणि शेजारच्या स्टॉलकडे वळायचे. एक बाई नवऱ्याला ओढत म्हणाली, "चला, आज नॉनव्हेज नाही." दुसऱ्या दोघांनी प्लेट घेतली, वडी उसकटून पाहिली आणि "यात मटण कुठंय? फसवतात राव!" म्हणत अर्धी टाकून गेले. संस्कृती रील काढण्यात गुंग होती. गोजरबाई मागे चुलीवर रस्सा ऊन करत होत्या. त्यांना दिसल्या त्या फक्त टाकलेल्या प्लेटी.

दुपार कलल्यावर त्या भांडी घासायला नळावर गेल्या, तेवढ्यात भावकीतले गेणभाऊ आले. पुठ्ठा पाहून थबकले.

"मांसवडी? अगं पोरी, मा-वर टिंब कशापायी दिलं? मटणाची केली व्हय?"

संस्कृतीचा चेहरा उतरला. तिने अंगठ्याने टिंब घासलं, मग पुठ्ठाच फाडला. "काका, आजीला सांगू नका, प्लीज."

"न्हाई सांगत. म्हातारीच्या जिवाला लागंल."

परतताना टेम्पोत गोजरबाईंनी विचारलं, "संस्कृती, तीळ करपलं व्हतं का गं?"

"नाही आजी. लोकांना आता असलं आवडत नाही."

या वाक्याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही. रॅबिटमध्ये ससा नसतो हे अख्ख्या महोत्सवाला सांगणाऱ्या पोरीला आजीपुढे स्वतःचं एक टिंब कबूल करवेना. आणि गेणभाऊंचा तो शहाणपणाचा मोठेपणा, तोही मला तेवढाच टोचतो.

तेव्हापासून गोजरबाईंनी मासवडी केली नाही. जावई आले तर पनीर मागवतात. शेजारची अंजना शिकायला आली, तिला म्हणाल्या, "माझ्या हातातली चव गेली बाई. दुसरीकडं शीक."

मी आता स्कूटीच्या डिकीत असतो. संस्कृती माझ्याने सीट पुसते. हळदीच्या डागांवर ग्रीसचे डाग चढलेत. स्वतःसाठी मला काही मागायचं नाही. पण तुमच्यापैकी कोणी निमगाव सावाला गेलंच, तर गोजरबाईंच्या ओसरीवर बसा आणि त्यांना सांगा, की तीळ करपले नव्हते, मीठही बरोबर होतं, चूक पुठ्ठ्यावर होती. जरा लवकर जा. काल त्यांनी मसाल्याचा डबा अंजनाला देऊन टाकला.