इंटरनेटचा खाडा

दोन हजार तेवीस साल. त्या वर्षी श्रावण दोनदा आला, दसरा पार ऑक्टोबरच्या शेवटी गेला, आणि गिरणारे रस्त्याच्या मळ्यांतून झेंडूची लागवडही सगळ्यांनी मागे ढकलली. दसऱ्याआधीच्या शनिवारी, फुलांची तोड जोरात चालू असताना, नवसाबाईंच्या शेडमधलं इंटरनेट बंद पडलं.

सून सुवर्णा धावत आली. "आत्याबाई, नेट गेलं! आता काय करू?"

"गेलं तर येईल. लाईट नाय का येत?"

"तसं नाय गेलं. पैसे थकले म्हणून तोडलंय. दोन वाजता कल्याणच्या शेठचा फोन हाय!"

कल्याणचा व्यापारी म्हणजे सुवर्णाचं वर्षभराचं स्वप्न होतं. आडत्याला मध्ये न घालता दोन टन झेंडू थेट तिच्याकडून घ्यायला तो तयार झाला होता. पण आदल्या साली कुणीतरी शिळा व्हिडिओ पाठवून त्याला गंडवलं होतं, म्हणून त्याची एकच अट होती. क्रेट भरताना व्हिडिओ कॉलवर समोरासमोर दाखवा, मगच गाडी निघेल. मळा टेकडीच्या पोटाशी. तिथे मोबाईलवर नुसतं बोलणंही तुटत तुटत ऐकू येई. व्हिडिओ चालायचा तो शेडमध्ये आणलेल्या इंटरनेटच्या तारेवरच.

"थकले कसे?" नवसाबाई उठल्या. "मी एक पैसा ठेवला नाय कुणाचा."

त्यांनी शेडच्या भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट ओढून काढलं, पिशवीत कोंबलं आणि गिरणाऱ्याहून येणाऱ्या जीपमध्ये बसल्या.

नवसाबाईंनी वीस वर्षं पंचवटीत दुधाचा रतीब घातला होता. ज्या दिवशी गिऱ्हाईक दूध नको म्हणेल त्या दिवशी ते गिऱ्हाईक कॅलेंडरवर फुली मारी. तो खाडा. महिनाअखेर तेवढे पैसे वजा. मे महिन्यात माणसं गावाला जात, आख्खा महिना खाडा लागे. म्हैस काही सुट्टीवर जात नसे. नवसाबाई त्या दुधाचं विरजण लावीत, तूप कढवीत, पण खाड्याचे पैसे त्यांनी कधी कुणाला मागितले नाहीत. पेपरवाला तेच करी, फुलपुडीवाला तेच करी. महिन्याच्या बोलीवर घरी येणाऱ्या वस्तूचा हाच रिवाज, असं त्या धरून चालल्या होत्या. म्हणून फेब्रुवारी ते जुलै मळ्यात फूल नव्हतं, शेडला कुलूप होतं, तेव्हा त्यांनी इंटरनेटचेही सहा महिन्यांचे खाडे मांडले आणि बाकीच्या महिन्यांचे सहाशे-सहाशे वसुलीच्या माणसाच्या हातावर ठेवले. त्यानेही ते मुकाट्याने खिशात घातले.

रविराजचं ऑफिस मखमलाबाद नाक्याजवळ होतं. पूर्वी तो घरोघरी केबल टीव्ही जोडायचा, आता इंटरनेट विकत होता. नवसाबाईंनी कॅलेंडर त्याच्या टेबलावर पसरलं.

तो हसला. "आजी, हे दूध नाहीये. इंटरनेटला खाडा नसतो."

"का नसतो? माझं दूध नासायचं, तरी मी खाडा धरायचे. तुझं काय नासतं रे?"

"तार तर बाराही महिने लोंबते ना! वादळात तुटली, उंदरांनी कुरतडली, की माणूस मीच पाठवतो. तुम्ही वापरा नाहीतर नका वापरू."

नवसाबाईंनी कॅलेंडरवरच्या फुल्यांवरून बोट फिरवलं. बोलणं अगदीच खोटं नव्हतं. "मग तारेचे घे. शंभर घे. न वापरल्या नेटचे सहाशे कशाचे?"

"तशी पद्धत नाहीये, आजी."

काउंटरवरची अंजली नवी होती. मदत करावी म्हणून ती भाबडेपणाने बोलून गेली, "सर, यांना तो पॉजवाला प्लॅन देऊ का? धरणावरच्या फार्महाऊसवाल्यांना देतो तो?"

रविराजने तिच्याकडे असं पाहिलं की ती गोरीमोरी झाली.

"कुठला प्लॅन गं, पोरी?"

अंजलीने चाचरत सांगितलं. गंगापूर धरणाच्या कडेला मुंबईकरांचे बंगले आहेत. ते शनिवार-रविवार येतात, पावसाळ्यात येतही नाहीत. त्यांनी नुसता मेसेज केला की लाईन झोपवून ठेवतात. तेवढ्या दिवसांचं बिल लागत नाही.

"अस्सं!" नवसाबाईंचा आवाज बाहेरच्या रसवंतीपर्यंत गेला. "म्हणजे खाडा हाय! फक्त आम्हाला नाय!"

"आजी, तो सेकंड होमसाठी असतो. तुमची शेड आहे. शेड म्हणजे घर नाही."

"ज्याला हौसेसाठी दुसरं घर, त्याला सवलत. आणि ज्याचं पोट त्या शेडवर, त्याने कुलपाचं भाडं भरायचं? तुझ्या बापाने आमच्या ओट्यावर बसून केबलचे पैसे हप्त्याहप्त्याने घेतले रे! तू मला तोडायच्या आधी फोन तरी करायचास!"

"मेसेज गेला होता."

"मेसेज! इंग्रजीत!"

घड्याळात एक वाजून गेला होता. भांडत बसलं तर कल्याणची गाडी दुसऱ्याच्या मळ्यात जाणार, आणि सुवर्णाने वर्षभर जोडलेलं गिऱ्हाईकही. नवसाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. दसऱ्याच्या साडीचे पैसे होते त्यात. सहा महिन्यांचे छत्तीसशे त्यांनी मोजून टाकले. अंजलीने एक कळ दाबली आणि म्हणाली, "झालं, आजी. चालू झालं."

"एवढंच? एका बोटाचं काम?" त्यांना रडू आलं ते पैशांसाठी नव्हतं. "आणि त्यासाठी माझी सून सकाळपासून धाय मोकलतेय!"

दोन वाजता शेठने फुलं पाहिली. संध्याकाळी गाडी भरून गेली.

दिवाळी सरताच नवसाबाई मळ्यामळ्यांतून फिरल्या. प्रत्येकाची कहाणी तीच, फक्त बाकीच्यांनी मुकाट्याने बारा महिने भरले होते. लग्नसराईची फुलं संपली तशी जानेवारीच्या एका सकाळी एकोणीस शेतकऱ्यांनी आपापल्या इंटरनेटच्या डब्या काढल्या, झेंडूच्या क्रेटमध्ये रचल्या आणि रविराजच्या दारात आणून ठेवल्या. चार दिवस तो फिरकला नाही. पाचव्या दिवशी स्वतः मळ्यात आला. बंद महिन्यांचे तारेपुरते शंभर, चालू महिन्यांचे सहाशे. हे त्याने लिहून दिलं, मराठीत.

रविराजने दीड वर्ष शब्द पाळला. मग एका मोठ्या कंपनीने त्याचं सगळं जाळं विकत घेतलं. आता तो सोसायट्यांमध्ये कॅमेरे बसवतो. अंजलीला त्या दसऱ्याच्याच आठवड्यात नोकरीवरून काढलं होतं, त्या प्लॅनचं सांगितल्याबद्दल. ती हल्ली शहरातल्या द्वारका चौकाजवळ एका दवाखान्यात बिलं करते, आणि नवसाबाई दर दसऱ्याला तिच्याकडे फुलं पाठवतात. सुवर्णाकडे आज पाच व्यापारी आहेत. तिचं पॅकिंग आता पक्क्या शेडमध्ये चालतं.

नव्या कंपनीने शंभराचा दर पहिल्याच महिन्यात मोडला. नवसाबाई त्यांना फोन करतात. मराठीसाठी दोन दाबा म्हणतात, त्या दोन दाबतात. मग पलीकडे गाणं वाजत राहतं, आणि त्या गाण्यालाच त्या पहिल्यापासून सगळं सुनावू लागतात.