आठ सप्टेंबरची कॅसेट

मर्लिनने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, पिळला आणि उघडलेल्या कॅसेटच्या टेपवरून अलगद फिरवला. बोळ्याला पांढरी बुरशी लागून आली. तीस-पस्तीस वर्षांची खारी हवा, दुसरं काय येणार. तिने पाचही बारीक स्क्रू पुन्हा बसवले, कॅसेट यंत्रात सरकवली आणि बटण दाबलं. लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवी रेघ थरथरू लागली आणि बंद खोलीत तिचाच आवाज घुमला. विशीतला, उंच, जरासा घाईचा.

“खिडकी लाव गो,” दाराजवळच्या आरामखुर्चीतून पपा म्हणाले.

“लावलेली आसा, पपा.”

“पंखो?”

“बंद आसा.”

ऑक्टोबरची दुपार होती. घाम तिच्या मानेवरून पाठीत उतरत होता. पंख्याने धूळ उडते आणि टेप खराब होते, असं पपांचं म्हणणं. कॅसेट घराबाहेर न्यायच्या नाहीत, ही दुसरी अट. आणि टेप चालू असेपर्यंत समोर कुणीतरी बसून राहायला हवं, ही तिसरी. टेप भरभर पळवून तिची नक्कल होत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात. ऑगस्टपासून मर्लिन शाळेच्या ग्रंथालयातून घरी आली की रोज या खुर्चीत बसत होती आणि स्वतःलाच ऐकत होती.

फॉस्टिन मेस्त, म्हणजे चर्चचे संगीतमास्तर, हे तिचे पपा. चाळीस वर्षं त्यांनी वाडीतल्या चर्चची कॉयर, गाणाऱ्यांचा मेळ, सांभाळली, पोरांना व्हायोलिन शिकवलं, सूर चुकला की धनुकलीने बोटांवर मारलं. एकोणऐंशी साली आगबोटीवरच्या चुलतभावाने त्यांना टेपरेकॉर्डर आणून दिला. तेव्हापासून प्रत्येक सणाचं फेस्त, प्रत्येक नाताळ, प्रत्येक मोठी मयत त्यांनी टेपवर घेतली. एकशे बारा कॅसेट, दोन पत्र्याच्या ट्रंकांत. वर फक्त तारीख. कोण गायलं, ते कधी लिहिलं नाही. आता त्यांची डावी बाजू अर्धांगाने गेली होती आणि बोलताना शब्द ओठांतून ओघळायचे, पण कुठली ट्रंक उघडली, ते झाकणाच्या आवाजावरून ओळखायचे.

डिसेंबरात चर्चला शंभर वर्षं पुरी होत होती. जुनी गाणी कायमची राखून ठेवायची, असं कॉयरमधल्या ग्लेनिशाने मनावर घेतलं होतं. ती मालवणला शाळेत संगणक शिकवायची; यंत्र, वायर, लॅपटॉप सगळं तिनेच आणून जोडून दिलं होतं. दर शनिवारी ती यायची, आठवड्याचं काम हार्ड डिस्कच्या डबीत उतरवून घ्यायची आणि जाताना एकच गोष्ट विचारायची.

“आंटी, आई खंय गावली?”

ग्लेनिशाची आई क्लेमेंटिना कॉयरमध्ये खालच्या पट्टीत गायची. ग्लेनिशा सहा वर्षांची असताना ती तापाने गेली. तिचा फोटो होता, लग्नातली साडी होती; आवाज नव्हता. आणि ट्रंकेतल्या कॅसेटांत तो सापडत नव्हता, कारण पपा माइक चर्चमधल्या गायकांच्या माडीच्या कठड्याला नेमका एकाच जागी टांगायचे. मर्लिन उभी राहायची तिथे, तिच्या तोंडासमोर. बाकीच्या बायका लांबच्या खोलीत गात असल्यासारख्या ऐकू यायच्या.

“ती आसा, पण खाली आसा,” मर्लिन दर वेळी सांगायची. “माझ्या आवाजाखाली.”

असं सांगताना तिला अपराधी वाटायचं.

एक कॅसेट मात्र तिने तीनदा हातात घेऊन परत ठेवली होती. ८-९-९१. सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं, फेस्त. त्या दिवशी मर्लिन माडीवर नव्हती, मुंबईत होती. नर्सिंगच्या शिक्षणाला निवड होऊन तीनच आठवडे झाले होते. वसतिगृहाच्या खिडकीतून एक पाण्याची टाकी आणि कावळे दिसायचे, आणि तिला ते आवडायचं. मग पपांचं पत्र आलं. ते पत्र तिला अजून पाठ होतं. ‘फेस्ताच्या मिस्सेत कॉयर मध्येच मोडली. फादरांना गाणं थांबवावं लागलं. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. तुझ्याशिवाय हे उभं राहायचं नाही. बघ काय ते.’

मर्लिनची आई जाऊन चार वर्षं झाली होती. पपा एकटे होते. मर्लिन मिळेल त्या बसने परतली आणि पुन्हा गेली नाही. वाडीत कुणी त्या फेस्ताविषयी तिच्यापुढे चकार शब्द काढला नाही. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून लोक गप्प राहिले, असंच तिने धरलं आणि मनात त्यांचे उपकार मानले. पहिल्या रविवारी ती माडी चढली तेव्हा क्लेमेंटिना माइकसमोर उभी होती. मर्लिनला पाहून ती बाजूला सरकली. तेव्हापासून चौतीस वर्षं ती जागा मर्लिनची.

त्या शनिवारी ग्लेनिशाने ट्रंकेत हात घातला आणि नेमकी तीच कॅसेट वर काढली.

“ही रवली, आंटी.”

“ती मगे बघुया. खराब आसा.”

ग्लेनिशाने ती उजेडात धरली. “खंय खराब? ह्या सगळ्यांत चांगली हीच दिसता. बुरशीव नाय.”

खरंच नव्हती. इतर कॅसेट नुसत्या एकावर एक रचलेल्या होत्या. हिला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून ठेवलं होतं. मर्लिनने त्याचा अर्थ आजवर लावला नव्हता. ती काही म्हणायच्या आत ग्लेनिशाने कॅसेट लावली.

आधी बाकांची खरखर, कुणाचं तरी खोकणं, पपांच्या व्हायोलिनचे चार सूर. मर्लिनने पदराचं टोक मुठीत धरलं. मग एक बाई एकटी गाऊ लागली.

आवाज मर्लिनच्या आवाजासारखा उंच नव्हता. रुंद होता, संथ, खालून वर येणारा. शब्द घाई न करता एकेक ठेवत जाणारा. दुसऱ्या ओळीला बाकीच्या बायका येऊन मिळाल्या आणि मर्लिनला पहिल्यांदा त्यांचे आवाज वेगवेगळे ऐकू आले.

“ह्यो तुझो आवाज न्हय,” ग्लेनिशा म्हणाली.

“न्हय. मी थंय नव्हतंय.”

“मगे कोण?”

मर्लिनने तिच्याकडे पाहिलं. “तुझी आवस.”

ग्लेनिशाने हात पुढे केला आणि स्पीकरच्या जाळीवर तळवा टेकवला. तशीच उभी राहिली. तिचे डोळे कोरडेच होते. फक्त तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

मर्लिन वाट बघत होती. आता मोडेल. या कडव्यानंतर. नाहीतर पुढच्या गाण्यात. पहिली बाजू संपली, तिने कॅसेट उलटी केली. अर्पणाचं गाणं झालं, कम्युनियनचं झालं. मिस्सा संपताना त्या वेळचे फादर बोलले, त्यांचा आवाज लांबून पण स्वच्छ आला: आज आपल्या गायकांनी फार सुंदर सेवा दिली, मेस्तांचे आणि क्लेमेंटिनाबाईंचे विशेष आभार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाकांची खरखर, पोरांचा गलका, आणि टेप खट्कन थांबली.

“आंटी, माका ही दुसऱ्यांदा ऐकूची आसा,” ग्लेनिशा म्हणाली. “घराकडे. एकटीन.”

“व्हर,” मर्लिन म्हणाली. “नक्कल नको. कॅसेटच व्हर.”

ग्लेनिशाने चमकून खुर्चीकडे पाहिलं. पपांचे डोळे मिटलेले होते. तिने कॅसेट ओढणीत गुंडाळली आणि दार न आपटता ती निघून गेली.

मर्लिनने यंत्र बंद केलं. वायर गुंडाळली. स्पिरिटच्या बाटलीला बूच लावलं. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती वळली. पपा जागे होते.

“खंयची लावलास?”

“एक्याण्णवची. सायबिणीच्या फेस्ताची.”

त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर पुढे-मागे फिरू लागला.

“बरी आसा?”

“बरी आसा. खंयच मोडूक नाय.”

बाहेर माडाची एक झावळ सुटून अंगणात आपटली. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.

“तुमी लिवलेलात, कॉयर मोडली म्हणान.”

“माका खबर आसा,” पपा म्हणाले.

ती उभी राहिली. ते आणखी काही सांगतील, एकटेपणाचं, आईचं, म्हातारपणाचं, असं तिला वाटलं. त्यातल्या प्रत्येकावर तिच्याजवळ उत्तर होतं, त्या दीड तासात तयार झालेलं. पण पपा भलतंच बोलले.

“ती टेप मी किती खेपे पुसूक घेतलेली.”

“मगे? पुसलात नाय कित्याक?”

“क्लेमेंटिनान बरा गायलेला,” ते म्हणाले. “इतक्या बरा गायलेला पुसूचा कसा?”

मर्लिनला हसू आलं की काय ते तिलाच कळलं नाही. घशातून एक आवाज निघाला एवढं खरं. ती आत गेली. चुलीवरची पेज गरम करून वाटीत ओतली, मीठ घातलं, चमचा घेतला. बाहेर येऊन रोजच्यासारखा पपांच्या गळ्याशी रुमाल बांधला. गाठ मारताना हात क्षणभर थांबले. मग तिने गाठ जरा सैल केली आणि पहिला चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं.

अर्धी वाटी झाल्यावर ती उठली आणि तिने खिडकी उघडली.

पुढच्या शनिवारी ग्लेनिशा आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा मात्र हलका दिसत होता. मर्लिनने तिला फेस्ताच्या गाण्यांची वही दिली.

“ह्या वर्षी पुढे तू उभी रव.”

“आणि तू?”

“मी खाली बसतलंय.”

“शंभरावा फेस्त आंटी! लोक काय म्हणतले? तुझ्याशिवाय कॉयरच्या चेडवांका जमूचा नाय.”

“तसा म्हणा नको,” मर्लिन म्हणाली. तिचा स्वर इतका कडक आला की ग्लेनिशाने वही छातीशी धरली आणि मान हलवली.

डिसेंबरात फेस्ताच्या दिवशी चर्च ओसंडून वाहत होतं. गोव्याहून, मुंबईहून माणसं आली होती. मर्लिनने पपांची चाकाची खुर्ची तिसऱ्या बाकाच्या कडेला लावली आणि शेजारी बसली. इतक्या वर्षांत ती खाली कधी बसली नव्हती. वेदी इतकी मोठी आहे, हे तिला माहीत नव्हतं. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून तिने ते मांडीवर ठेवले. आजूबाजूचे लोक तिच्याकडे पाहून घेत होते, मग मागे माडीकडे बघत होते.

गाणं सुरू झालं. मुलींचे आवाज पाठीमागून, डोक्यांवरून आले. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात एका मुलीने सूर लवकर उचलला, दोघी तिच्यामागे गेल्या, बाकीच्या मागे राहिल्या आणि गाणं मधोमध फाटल्यासारखं झालं. पपांच्या उजव्या हाताने तिचं मनगट पकडलं. त्या हातात अजून बळ होतं. ते तिच्याकडे बघत होते आणि हनुवटीने वर, माडीकडे खुणावत होते. मर्लिनचा श्वास आपोआप भरला होता, छाती उचलली होती, सूर जिभेवर येऊन उभा होता.

तिने मान वळवली नाही. श्वास हळूहळू सोडून दिला.

वर कुणीतरी पायाने ताल दिला. लाकडी माडीवर तो स्पष्ट वाजला. एक आवाज पुढे आला, मग दुसरा, मग सगळ्या.

“खालची पट्टी ऐकलास?” पपा तिच्या कानाशी पुटपुटले. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. “कोण गो ती?”

“माका खबर नाय, पपा,” मर्लिन म्हणाली. “ऐकूक द्या.”