निळ्या दिव्याचा पट्टा

बसथांब्यावर ही झुंबड! बाकावर चढून विक्रेता ओरडत होता, "ताई, माई, अक्का! हा पट्टा मनगटाला बांधा, निळा दिवा लागला की लहरी थेट मेंदूत! मळमळ म्हणेल, चुकले, परत येणार नाही!"

सगळ्यात पुढे होती तोफ. भाषणस्पर्धेत ढाल जिंकल्यापासून नववीच्या वर्गाने तिला हे नाव दिलं होतं आणि तिला ते मनापासून पटलंही होतं. फक्त बस सुटली की तोफेतून भलतंच बाहेर पडायचं.

तिने पट्टा घेतला. "पुढे बसायचं, लांब बघायचं, पोट तुडुंब भरायचं नाही. पथ्य मोडलं तर लहरी रुसतात," विक्रेत्याने बजावलं.

पहिल्याच दिवशी ओकारी गायब! मधल्या सुट्टीत तोफ धडाडली: 'विज्ञानाचा विजय'. विज्ञानाला विचारायचं तेवढं राहून गेलं. बारा मैत्रिणींनी पट्टे घेतले.

घरी मावशी आली होती. तिसरा महिना, दिवसभर उलट्या. तोफेने आपला पट्टा तिला बांधला. "डॉक्टरांच्या गोळ्या कशाला गं? लहरी आहेत ना!" मावशीचा भाचीवर भारी विश्वास. गोळ्या बंद. चौथ्या दिवशी तिला उभंही राहवेना.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी सलाइन लावलं, मग पट्ट्याकडे बोट केलं. "हे काय?"

तोफेने भाषण सुरू केलं. बाईंनी तोवर कात्रीच्या टोकाने पट्ट्यावरची दिव्याची डबी उघडली. आत एक दिवा, एक सेल आणि वजनासाठी चिकटवलेला लोखंडी नट.

"लहरी कुठेत?"

"पण माझी ओकारी थांबली की!"

"बसमध्ये बसतेस कुठे?"

"पुढे."

"बघतेस?"

"लांब."

"खाऊन निघतेस?"

तोफ पुटपुटली, "थोडंसंच."

"गुण पथ्याचा, मान पट्ट्याला! मळमळीसाठी मनगटावरची खरी यंत्रंही असतात. पण ती तपासलेली असतात, आणि ती घातली म्हणून कुणी परस्पर गोळ्या बंद करत नाही."

"बाळ?" मावशीने कसंबसं विचारलं.

"बरं आहे. आजच आणलं म्हणून."

तोफ कोपऱ्यात जाऊन रडली. आयुष्यात प्रथमच तिला श्रोते नको होते.

दुसऱ्या दिवशी ती बाराही जणींकडे गेली. "मी गाढव आहे," तिने सुरुवात केली.

"ढाल मिळवूनही हे आत्ता कळलं होय!" एक म्हणाली.

"हस गं. पण सगळ्याजणी ऐका. बरं वाटलं की लगेच टाळ्या वाजवू नका, कशाने वाटलं ते शोधा. आणि औषध थांबवायचं तर डॉक्टरांना विचारा. छान बोलणाऱ्याला नाही. मला तर मुळीच नाही!"