जगलेली रोपं : एकशे एकतीस

खंडोजीनं रोप किंचित हलवून पाहिलं, तर ते अख्खंच हातात आलं. मुळांभोवती रोपवाटिकेची काळी पिशवी जशीच्या तशी होती. त्यानं शेजारचं ओढलं, तेही पिशवीसकट वर आलं. तिसरं ओढायचा धीर झाला नाही. खाणीच्या मलब्याच्या उतारावर तो तिथंच फतकल मारून बसला.

महिन्यापूर्वी याच खड्ड्यांत त्यानं वाळलेल्या काटक्या मोजल्या होत्या.

विमानतळाच्या अंगाची ही दगडखाण बंद होऊन सहा वर्षं झाली होती. मलब्यावर झाडं लावून उतार बांधून द्यायचा, सहाशेपैकी सत्तर टक्के जगली की खाणमालक मोकळा, अशी अट होती. मोजणीचं काम कोरमंगलातल्या एका सल्लागार कंपनीकडं होतं आणि कंपनीत ते खंडोजीकडं. पाच वर्षं तो जे. पी. नगरहून दोन बस बदलून यायचा, एकेका करंजाच्या, निंबाच्या खोडाला टेप लावून आकडा लिहायचा. बायको म्हणायची, "आपल्या लेकरांची उंची कधी इतक्यांदा मोजला नाहीत." यंदा मात्र बोअर आटली, टँकरच्या खेपा कमी झाल्या आणि तापलेल्या दगडांत मुळं होरपळून गेली.

"हे कोण लावलं, अक्का?" त्यानं विचारलं.

जमनाबाई पायथ्याच्या वस्तीत राहायची. तिचा नवरा याच खाणीत दगड फोडता फोडता वारला. ती आता रोपांना पाणी घालायची.

"परवा टेम्पो भरून मालकाची माणसं आली, अण्णा. दुपारपर्यंत सगळे खड्डे भरले. पिशवी तरी काढा म्हटलं, तर हसले." ती वरच्या चढाकडं बघत राहिली. "मागच्या पावसात चिखल माझ्या चुलीपर्यंत आला. शेळ्यांचं खोपटं गेलं, शेळ्या गेल्या. यंदा मुळं धरतील, माती अडेल म्हणून स्वल्प धीर होता."

खंडोजीनं आसावरीला फोन लावला. ती पुण्याहून आलेली, त्याच्या मुलीच्या वयाची, पण त्याची साहेब.

"मॅडम, पिशव्याच काढल्या नाहीत. महिन्याभरात मरतील सगळी. खरी जगलेली एकशे एकतीस."

"अण्णा, प्लीज! उद्या इन्स्पेक्शन आहे. आज जे उभं आहे ते काउंट करा ना."

"उभं आहे, मॅडम. रुजलेलं नाही."

"हे काम गेलं तर आपली अख्खी टीम घरी बसेल. तुम्हीपण. रिटायरमेंटला किती राहिलं तुमच्या?"

"अकरा महिने."

"मग?" तिचा आवाज कापरा झाला होता. "मी काय करू, सांगा ना."

फोन ठेवून त्यानं तक्ता मांडीवर घेतला, 'जगलेली' या रकान्यात १३१ लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी अकराला तपासणीला सरकारी खात्याचे दोन साहेब आले. आसावरीच्या फायलीत तक्ता दुसराच होता. आकडा पाचशे अडतीस, सही भलत्याचीच. तिनं खंडोजीकडं बघायचं टाळलं. साहेब खाणीच्या काठावर छत्रीत उभे राहिले. खाली कोणी उतरलं नाही.

"चांगलं हिरवं झालंय," धाकटे साहेब म्हणाले.

जन्मात साहेबापुढं न विचारता तोंड न उघडलेला खंडोजी उतारावरून खाली धावला. एक रोप उपटून धापा टाकत वर आला आणि त्यानं ते थोरल्या, गुरुराजसाहेबांपुढं धरलं.

"पिशवी बघा, सर," तो कानडीत म्हणाला. "सगळी अशीच पुरलीत. खाली चाळीस घरं आहेत. हा उतार सुटला तर माणसं गाडली जातील."

गुरुराजसाहेबांनी रोप हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. क्षणभर खंडोजीला वाटलं, जिंकलं.

"मेलेल्या झाडाच्या जागी नवं लावायला मनाई नाही," ते शांतपणे म्हणाले. "पिशव्या तेवढ्या काढायला सांगा खाणमालकाला." रोप त्यांनी परत दिलं, आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. "सरी? ठीक आहे ना?"

गाड्या गेल्या. जाताना आसावरी हळूच म्हणाली, "उद्यापासून साइटवर येऊ नका, अण्णा. ऑफिसमध्ये बसा." ती आणखी काही बोलणार होती, पण ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

टँकर त्याच दिवशी बंद झाला. पिशव्या काढायला कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडोजी ऑफिसला गेला नाही. विळा घेऊन तो खाणीवरच आला. एकेक रोप काढायचं, पिशवी चिरायची, गोल गुंडाळलेली मुळं मोकळी करायची, पुन्हा पुरायचं. खड्डे कोरडे ठणठणीत होते, माती खडीसारखी. दुपारपर्यंत बोटं सोलून निघाली. मोकळी केलेली पहिली रोपं तोवर माना टाकू लागली होती. हे त्यालाही दिसत होतं, तरी तो थांबला नाही.

जमनाबाई कळशी घेऊन चढून आली. वस्तीतल्या नळाला तीन दिवसांनी पाणी यायचं, म्हणून तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी तिनं साठवून आणलं होतं.

"एवढं पाणी पुरायचं नाही, अक्का," खंडोजी म्हणाला.

"ठाऊक आहे."

तिनं एका बुंध्याशी धार धरली. मातीनं पाणी ओढून घेतलं, जागा ओलीसुद्धा दिसेना. जमनाबाईनं कळशी पालथी करून शेवटचे थेंब झटकले, ती कमरेवर घेतली आणि पाय जपत उतार उतरू लागली.