पथकाला एक केस

बेबीनंदा इंग्रजीतली सर्वनामं शिकली ती कापूस वेचता वेचता. एक ओळ ‘आय, मी, माय, माईन’ची, दुसरी ‘ही, हिम, हिज’ची. ओळ संपली की पाठ सरळ करायची, ओटीतला कापूस गाठोड्यात टाकायचा आणि पुढच्या ओळीला पुढचं सर्वनाम धरायचं. शेजारच्या ओळीतून आई, सोनूबाई, म्हणायची, “दिवसभर काय पुटपुटून राह्यली गं? बाया हसून राह्यल्या.”

हसू देत. बेबीनंदाला दहावी पास व्हायचं होतं, जालन्याला मामाकडे राहून अकरावीला जायचं होतं आणि पुढे मास्तरीण व्हायचं होतं. बापाने, साहेबरावने, साफ सांगून टाकलं होतं, “पास झाली तर जालना. न्हाई झाली तर वैशाखात लगीन. मंग रडायचं न्हाई.” परतूरचं स्थळ येऊन बसलंच होतं.

हे इंग्रजीचं वेड लावलं तातेराव सरांनी. शहागडच्या अलीकडे एक विनाअनुदानित शाळा होती, तिथे ते दोन वर्षं बिनपगारी शिकवत होते. शाळा भरायच्या आधी तासभर ते बेबीनंदाला बसवून घेत. ती ‘हिम गोज’ म्हणाली की पट्टी टेबलावर आपटत. “घरी ‘त्याला जातो’ असं म्हणती का तू? मंग इंग्रजीला काय कुणी वाली न्हाई?” तिच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लाल शाईने सर्वनामांचा सगळा तक्ता काढून दिला होता. अक्षर असं की बघत राहावं. त्यांच्या ‘वाय’ची शेपटी डावीकडून वळून पुन्हा वर यायची, हे गावात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. तक्त्याखाली ‘शाब्बास’ लिहिलेलं. ती वही बेबीनंदा पिशवीत गुंडाळून ठेवायची. घरातली बाकी एकही वस्तू तिने इतकी जपली नव्हती.

शहाण्णव सालचा मार्च. इंग्रजीचा पेपर, केंद्र त्याच शाळेत. पिशव्या आणि वह्या बाहेर व्हरांड्यात ढीग करून ठेवायच्या होत्या. बेबीनंदाने व्याकरणाचा प्रश्न आधी घेतला. कंसातून योग्य सर्वनाम निवडा, दहा वाक्यं. दहाच्या दहा तिने हसत हसत लिहिली. उतारा सोडवायला घेतला तोच भुजंग शिपाई पाण्याची कळशी घेऊन आत आला. पाणी कुणी मागितलं नव्हतं. तो प्रत्येक बाकाजवळ वाकायचा, पेला भरायचा आणि पेल्याखाली एक चिठ्ठी सरकवायचा. पेपर फुटून बाहेर गेला होता, उत्तरं होऊन आत आला होता. दर वर्षी हेच चालायचं.

बेबीनंदाने चिठ्ठीकडे नुसतं बघितलं. निळा कार्बन, व्याकरणाची दहा उत्तरं. आणि चौथ्या ओळीतल्या ‘वाय’ची शेपटी डावीकडून वळून वर गेलेली.

तिचं डोकं सणकलं. आठ महिने पहाटे उठून जी पोरगी येत होती, तिला सांगितलं असतं तरी चाललं असतं की बाई, झोप तू घरी, उत्तरं मी पाण्यासोबत पाठवतो. तिने कोपराने चिठ्ठी बाकाखाली ढकलली आणि उताऱ्यात डोकं घातलं. पर्यवेक्षक जाता जाता बोलला, “घे गं, फुकट हाये.” तिने मान वर केली नाही.

पाऊण तास गेला असेल. पुलाजवळ राखणीला बसवलेल्या पोराची शिट्टी वाजली आणि खोलीत एकदम धावपळ उडाली. भरारी पथकाची जीप आली होती. चिठ्ठ्या खिडकीतून बाहेर गेल्या, काही तोंडात गेल्या.

आता या केंद्राची एक रीत होती, आणि ती सांगायलाही लाज वाटते. पथक रिकाम्या हाताने गेलं तर पुन्हा पुन्हा येतं. म्हणून केंद्रानेच त्याला एक केस द्यायची. एक पोरगं पकडून दिलं की पथकाचा कागद भरतो, जीप पुढच्या गावाला जाते आणि मागे सगळे मोकळे. मागच्या वर्षी भिवाचा पोरगा, कारभारी, दिला होता. देवीला बोकड देतात तसंच, फक्त बोकडाला आधी हळदकुंकू तरी लावतात. पोरगं निवडायचं ते असं की ज्याचा बाप विचारायला येणार नाही. साहेबराव संस्थेच्या अध्यक्षांच्या वीटभट्टीवर कामाला होता. तो कशाला विचारायला येतो?

हेडमास्तर रामराव खोलीत आले. सरळ बेबीनंदाच्या बाकाशी वाकले, खालची चिठ्ठी उचलली आणि तिच्या उत्तरपत्रिकेवर ठेवली. “हिच्यापाशी सापडली,” ते म्हणाले, आणि पत्रिका उचलून चालू लागले. मागचे-पुढचे सगळे आपापल्या पेपरात बघत होते.

ऑफिसात पथकाच्या मॅडम बसल्या होत्या. समोर चहा, भजी, आणि छापील कागद. कागदावर बेबीनंदाचा नंबर आधीच लिहिलेला होता. तिने फक्त आपला जबाब लिहून सही करायची होती. भिंतीला टेकून तातेराव सर उभे होते.

“कर सही,” रामराव हळू आवाजात म्हणाले. “पुढच्या साली बस. तुझ्या बापाचं मी बघतो, काय कमी पडू देणार न्हाई.”

“मी कॉपी न्हाई केली.”

“सगळे असंच म्हणतात,” मॅडम म्हणाल्या. त्या दमल्या होत्या, आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

बेबीनंदा भिंतीकडे वळली. “सर, हे अक्षर कोणाचं हाये, तुम्ही सांगा.”

तातेरावांनी जमिनीकडे बघितलं. जूनमध्ये त्यांची ऑर्डर निघणार होती, पगार सुरू होणार होता. “मला न्हाई सांगता येणार,” ते म्हणाले.

एवढं ऐकलं आणि तिच्या अंगातली भीती पार निघून गेली. जिभेवर नुसता कडूपणा राहिला. या माणसाला ती देव मानत होती. तिने पेन घेतलं आणि जबाबाच्या रिकाम्या ओळींवर इंग्रजीत लिहिलं. धिस चिट इज नॉट माईन. इट इज हिज. ही टॉट मी. दे ऑल नो. खाली सही केली आणि कागद मॅडमपुढे सरकवला.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. चहाचा कप बाजूला केला. “हिज म्हणजे कुणाची?”

बेबीनंदाने बोट दाखवलं.

“पोरगी बावचळून गेली, मॅडम,” रामराव हसत म्हणाले. “भजी घ्या, गार होऊन राह्यली.”

मॅडमनी भज्यांकडे बघितलं नाही. कोरा कागद तातेरावांपुढे ठेवला. “सर, दोन ओळी लिहा इंग्रजीत.”

तातेराव बसले. लिहू लागले, आणि बेबीनंदाचा जीव जळाला. ते वेडंवाकडं लिहीत होते. मुद्दाम. अक्षरं ओळ सोडून पळत होती, ‘वाय’ला शेपटीच नव्हती. अक्षर तिरपं झालं तर तिला दहा दहा वेळा लिहायला लावणारा माणूस पोटासाठी स्वतःचा हात मोडत होता, आणि तिच्यासमोर.

“जुळत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“थांबा,” बेबीनंदा म्हणाली आणि दारातून बाहेर गेली. भुजंग आडवा आला, तिने त्याला ढकललं. व्हरांड्यातला पिशव्यांचा ढीग उपसून तिने आपली पिशवी काढली आणि वही आणून, पहिलं पान उघडून, टेबलावर आपटली. लाल तक्ता. खाली ‘शाब्बास’.

मॅडमनी चिठ्ठी वहीशेजारी धरली. दोन्हीकडच्या ‘वाय’च्या शेपटीवरून बोट फिरवलं. रामरावांचं हसू गेलं. मॅडमनी छापील कागदावरचा बेबीनंदाचा नंबर काट मारून खोडला, नवा कागद घेतला आणि तातेरावांना विचारलं, “पूर्ण नाव सांगा.”

तातेरावांनी पहिल्यांदा बेबीनंदाकडे बघितलं. “बेबी, मला त्यांनी...” ते म्हणाले.

तिने ऐकून घेतलं नाही. आपली उत्तरपत्रिका उचलली. पत्रलेखन आणि निबंध अजून राहिले होते, वेळ पाऊण तास उरला होता.

“वही मात्र पुरावा म्हणून ठेवावी लागेल,” मॅडम म्हणाल्या. “निकाल लागल्यावर परत मिळेल तुला.”

“नका देऊ परत,” बेबीनंदा दारातून म्हणाली. “ती बी त्यांचीच हाये.”