भिंगरीचा तेरा एररचा संग्रह

भिंगरीला भिंगरी हे नाव कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं चपखल बसलं होतं की शाळेच्या हजेरीत तिचं खरं नाव आलं की ती स्वतःच क्षणभर गोंधळायची. वय बारा. अंगात एक गुण असा की काम चुकवण्यासाठी ती मूळ कामाच्या दुप्पट मेहनत घ्यायची.

शाळेतले शिक्षक गृहपाठाची पानं आता कागदावर देत नसत. वर्गाच्या ग्रुपवर एक लिंक येई, ती दाबली की फाइल उतरे, आणि मग ती सोडवायची. भिंगरीने यातली मेख पहिल्याच महिन्यात ओळखली. फाइल उतरलीच नाही तर सोडवणार काय? तिने इकडून तिकडून एररची चित्रं जमवली. कुठे पडद्यावर ‘फाइल सापडली नाही’, कुठे ‘कनेक्शन तुटले’, कुठे ‘जागा अपुरी आहे’. अशी तेरा चित्रं एका वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसकट लावून ठेवली होती. एकाच शिक्षकाला एकच चित्र दोनदा जाऊ नये म्हणून वहीत नोंद होती. मैत्रिणींना गरज पडली तर ती उदार मनाने उसनं चित्रही द्यायची. फक्त विज्ञानाच्या सरांना ‘जागा अपुरी’ पाठवू नका, ते स्वतः येऊन जागा मोकळी करून देतात, असा सल्ला वर फुकट.

पण नाटकाची गोष्ट वेगळी होती.

वार्षिक नाटकात राजाला रोज नवी थाप मारणारा एक लबाड वजीर होता आणि भिंगरीला तो वजीर व्हायचं होतं. दुसरं काही नको. दासी नको, झाड नको. गेल्या वर्षी ती झाड होती आणि पाऊण तास हात वर करून उभी राहिली होती. नाटकाच्या सरांनी आदल्या संध्याकाळी वजिराच्या भाषणाच्या एका पानाची लिंक ग्रुपवर टाकली होती. पान पाठ करायचं, दुसऱ्या दिवशी पाच वाजता सभागृहात म्हणून दाखवायचं, आणि ज्याचं चांगलं होईल तो वजीर.

सकाळपासून पाच जणांनी भिंगरीकडे चित्रं मागितली. जुळ्या बहिणी, ढोलकीवाला, आणि मागच्या बाकावरचे दोघे. पान पाठ करायचा कुणालाच उत्साह नव्हता, पण सरांना काहीतरी कारण सांगायला हवं होतं. भिंगरीने प्रत्येकाला वेगळं चित्र दिलं, तेही हसतमुखाने. तेवढेच पाच स्पर्धक कमी. आता उरला फक्त हुशार. वर्गात पहिला येणाऱ्या या मुलाला सगळे हुशारच म्हणत, आणि तो कधीच चित्र मागत नसे.

दुपारी दोन वाजता जेवून, हात धुऊन, दार लोटून भिंगरी संगणकासमोर बसली आणि तिने लिंक दाबली.

पान आलं नाही. पडद्यावर एक राखाडी चौकट आली आणि त्यात काहीबाही लिहिलेलं. तिने पुन्हा दाबली. पुन्हा तीच चौकट. तिने संगणक बंद करून चालू केला, वायफायच्या डबीची वायर उपटून परत खोचली, मग दहा वेळा लागोपाठ लिंक दाबली. शेवटी तिने चौकटीचा फोटो काढला आणि सरांना पाठवला. सर, लिंक उघडत नाहीये, प्लीज पान परत पाठवा.

सरांचं उत्तर लगेच आलं. ‘आजचं सहावं चित्र. आधीच्या पाचांपेक्षा हे जास्त जमलंय. पाच वाजता भेटू.’

भिंगरीने आईशपथ, देवाशपथ, अभ्यासाची शपथ असं सगळं लिहून पाहिलं. सरांनी फक्त एक हसरा चेहरा पाठवला.

बाहेरच्या खोलीत आजोबा रेडिओ उघडून बसले होते. आजोबांचा जन्म गेला टेलिफोनच्या तारा दुरुस्त करण्यात. खांबावर चढायचं, कुठे काय बिघडलंय ते शोधायचं, उतरायचं. निवृत्तीनंतर घरातली प्रत्येक वस्तू ते एकदा तरी उघडून पाहत. संगणकाला मात्र त्यांनी हात लावला नव्हता, कारण भिंगरीच्या आईने तशी तंबी दिली होती.

भिंगरी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली ती रडवेली. आजोबांनी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. पाच चित्रांची गोष्ट ती गाळणार होती, पण मग सरांच्या उत्तराचा अर्थ लागेना, म्हणून तीही सांगावी लागली. आजोबा रागावले नाहीत. मिशीतल्या मिशीत काहीतरी हललं एवढंच.

“त्या चौकटीत लिहिलंय काय?” त्यांनी विचारलं.

“एरर.”

“ते कळलं. पण काय लिहिलंय?”

भिंगरीला सांगता येईना. तेरा एरर जमवणाऱ्या या पोरीने आजवर एकही एरर शेवटपर्यंत वाचली नव्हती. चित्रं हवी होती, मजकूर कशाला?

आजोबा संगणकाजवळ खुर्ची ओढून बसले, पण माउस तिच्याच हातात राहू दिला. तिने मोठ्याने वाचलं. ‘ही फाइल पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही. फाइलच्या मालकाशी संपर्क साधा.’

“म्हणजे फाइल आहे,” आजोबा म्हणाले. “नसती तर संगणक ‘सापडली नाही’ म्हणाला असता. तार फाइलच्या मालकाच्या दारापर्यंत पोचतेय, घंटाही वाजतेय. तो दार उघडत नाही. आता मला सांग, ती डबी का उपटलीस?”

भिंगरी म्हणाली, असंच.

आजोबांनी मग तिला खांबावरची रीत समजावली. बिघाड तीनच ठिकाणी असतो. आपल्या टोकाला, पलीकडच्या टोकाला, नाहीतर मधल्या तारेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दुरुस्त झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि नाही झालं तर काही नवंच बिघडवून ठेवल्याची भीती. भिंगरीने चित्रांच्या नोंदीची वही आणली आणि तिचं शेवटचं पान उघडलं. पुढची पानं ती आजोबांपासून हाताने झाकून होती.

आधी आपलं टोक. दुसरी एखादी फाइल उतरते का पाहा, आजोबा म्हणाले. तिने ग्रुपवरची मागच्या आठवड्यातली विज्ञानाची लिंक दाबली. टुण्ण आवाज झाला आणि फाइल क्षणात उतरली.

“ही उतरत नाही म्हणून तू आईला सांगितलं होतंस ना?”

“तेव्हा नव्हती उतरत,” भिंगरी म्हणाली, आणि घाईघाईने लिहिलं, आपलं टोक ठीक.

मग लिंक पूर्ण आहे की कुठे तुटली आहे ते पाहिलं. ती हाताने टाइप न करता जशीच्या तशी उचलून चिकटवली. तीच चौकट. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये चिकटवली. तीच चौकट. मग आजोबांच्या फोनचं वायफाय बंद करून त्यावर उघडली, म्हणजे यंत्रही वेगळं आणि तारही वेगळी. चौकट बारीक झाली, पण तीच. तीन वाजून गेले होते. वहीत पाच ओळी झाल्या होत्या आणि पाचही ओळी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. बिघाड पलीकडे, सरांकडे.

भिंगरीला जरा हायसं वाटलं, पण तेवढ्यात तिला हुशारची आठवण झाली. तिने त्याला फोन लावला. तुला पान मिळालं का? हो, कालच उतरवलं, हुशार म्हणाला, पाठही झालं. पहिली ओळ सांग ना, तिने अजिजीने विचारलं. मी का सांगू, पाच वाजता ऐक, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

भिंगरीने लगेच हिशोब मांडला. हुशारला उघडतं आणि आपल्याला उघडत नाही, म्हणजे सरांनी मुद्दाम आपल्यालाच बाहेर ठेवलंय. एवढी चित्रं पाठवली, कंटाळले असतील. तिने हे आजोबांना सांगितलं.

आजोबांनी मग एका डॉक्टरीणबाईंची गोष्ट सांगितली. बाई रोज तक्रार करायच्या की फोन लागत नाही, आणि ऑफिसातला साहेब रोज आपल्या टेबलावरून तपासून म्हणायचा, लाइन उत्तम आहे. होतीच उत्तम, त्याच्या टेबलापर्यंत. आठ दिवसांनी आजोबांनी साहेबाला हाताला धरून बाईंच्या घरी नेलं आणि तिथला फोन त्याच्या कानाला लावला, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी तार बदलली गेली.

“मालकाला स्वतःच्या घराचं कुलूप कधी अडत नाही गं. म्हणून त्याला ते दिसतही नाही. तुझ्या सरांना बाहेर उभं करून दार ढकलायला लाव.”

“आणि हुशार?”

“त्याचं तो बघेल. तू तुझी तार तपास.”

तुम्ही पण चला, तिने हट्ट धरला. तुमचं ऐकतील, माझं नाही ऐकणार. आजोबांनी रेडिओचा स्क्रू पुन्हा हातात घेतला. खरं बोलायला चालली आहेस, वकील कशाला हवा, असं म्हणून त्यांनी तिला पाणी प्यायला लावून घराबाहेर काढलं.

सभागृहात पोचली तेव्हा पाचला दहा कमी होते. रंगमंचाच्या कडेला सर लॅपटॉप उघडून बसले होते आणि सगळे जमले होते. जुळ्या बहिणींनी तिला पाहून डोळे मिचकावले. आल्या आल्या सरांना ‘पाठ झालंय’ असं सांगून हुशार कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत होता. भिंगरीने सरांसमोर वही धरली आणि एका दमात पाचही ओळी वाचून दाखवल्या. सरांनी शांतपणे लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर वजिराचं भाषण दिमाखात उघडलेलं.

“हे बघ. उघडतं.”

“तुमच्याकडे उघडणारच सर, तुम्ही मालक आहात,” भिंगरी म्हणाली. “खासगी विंडोत उघडून बघा ना. तिथे तुम्ही कोण आहात ते ब्राउझरला माहीत नसतं. तिथे उघडलं तर मी यंदाही झाड होते.”

झाड होण्याची तयारी ऐकून सर थबकले. एवढी मोठी पैज या मुलीने कधी लावली नव्हती. त्यांनी खासगी विंडो उघडली, लिंक चिकटवली आणि बटण दाबलं.

राखाडी चौकट आली. सरांनी ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. फाइल कुणी पाहायची या जागी त्यांनी ‘फक्त मी’ हाच पर्याय राहू दिला होता. काल संध्याकाळपासून त्यांच्याखेरीज जगात कुणालाही ते पान दिसणं शक्य नव्हतं.

“चूक माझी,” सर म्हणाले. “पाच जणांनी पाच वेगळ्या एरर पाठवल्या, म्हणून मला वाटलं सगळीच थट्टा चाललीय. सगळ्यांनी हीच एक पाठवली असती तर मी सकाळीच तपासलं असतं.”

पाचही जण छताकडे पाहू लागले. लिंक दाबून पाहायची तसदी त्यांच्यापैकी एकानेही घेतली नव्हती. भिंगरीला मात्र छताकडेही बघवेना. ही पाच कुलपं आपणच आपल्या दाराला लावली, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

मग सरांची मान हळूहळू कोपऱ्याकडे वळली. “तुझं पाठ झालंय म्हणत होतास ना रे?”

हुशारचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल. शेवटी तो म्हणाला की ‘झालं नाही का?’ असं मला कधी कुणी विचारतच नाही, म्हणून ‘नाही’ म्हणायची सवयच नाही. मघापासून तो भिंतीला सतराचा पाढा म्हणून दाखवत होता. सभागृह खो खो हसलं, पण सर हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आता करायचं काय? पान कुणाचंच पाठ नव्हतं आणि आजच यादी लावायची होती. सरांनी लॅपटॉप मिटला आणि नवी परीक्षा जाहीर केली. प्रत्येकाने रंगमंचावर यायचं आणि पान पाठ का झालं नाही ते दोन मिनिटांत असं सांगायचं, की समोर बसलेल्याला जागेवरून उठावंसं वाटू नये.

जुळ्या बहिणींनी विजेच्या तारेवर बसलेल्या माकडाची गोष्ट सांगितली, पण एकीचं माकड पळून गेलं आणि दुसरीचं मेलं. ढोलकीवाला मधेच सगळं विसरला. मागच्या बाकावरच्यांनी एकमेकांवर ढकललं. मग भिंगरीची पाळी आली.

तिच्याजवळ तेरा चित्रं होती, तेरा तयार बहाणे होते, आणि त्यातला एकही तिला सुचला नाही. म्हणून जे घडलं तेच ती सांगू लागली. उपटलेली डबी सांगितली, विज्ञानाची फाइल टुण्णकन उतरल्यावर आजोबांची वर गेलेली भुवई सांगितली. डॉक्टरीणबाई झाली, साहेब झाली. शेवटी स्वतःच्याच घरात आरामखुर्चीत बसून ‘दार उघडंच आहे, या ना’ म्हणत बाहेरच्यांना हाका मारणारे, आणि बाहेर मोठं कुलूप लटकतंय याचा पत्ता नसलेले नाटकाचे सर झाली. चष्मा पुसण्याची लकब तर हुबेहूब. मुलं हसता हसता बाकांवरून घसरली. सर तोंडावर रुमाल धरून बसले होते.

“यातलं खरं किती?” तिचं झाल्यावर त्यांनी विचारलं.

“सगळंच खरं आहे, सर,” भिंगरी म्हणाली. “म्हणून तर मधे मधे अडखळले.”

सहा वाजता दारावर यादी लागली. खोटं बोलताना कान लाल होतात म्हणून हुशारला राजा केलं होतं. वजिरापुढे भिंगरीचं खरं नाव लिहिलं होतं, त्यामुळे ते आपलंच आहे हे कळायला तिला दोनदा वाचावं लागलं.